डिस्ट्रिब्युटरची टोपी

मिस्त्रीने हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं, कार्बोरेटरमधून फट्‌कन धूर सोडला आणि हँडल असं उलटं आलं की मनगट निखळता निखळता राहिलं. त्याने एक शिवी हँडलला दिली, एक ट्रॅक्टरला दिली आणि तिसरी कुणाला द्यावी हे न सुचल्यामुळे तशीच तोंडात ठेवली.

धक्क्याच्या वरच्या अंगाला ही पत्र्याची शेड होती. आत हा एकच जुना ट्रॅक्टर, पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर चालवायचा, अशा जमान्यातला. त्याला काम एकच. होड्या आल्या की मागे साखळी लावायची आणि उतारावरून त्यांना पाण्याबाहेर ओढायचं. पण गेले कित्येक दिवस ट्रॅक्टर गप्प होता आणि होडीवाले हाताने दोर ओढत होते. मिस्त्रीला तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं. फक्त शेडसमोरून होडी वर चढवताना त्यांचा ‘ओढाऽ’ जरा जास्तच मोठा व्हायचा, आणि तो जिथे लागायचा तिथे बरोबर लागायचा.

“मिस्त्री, दुसऱ्या कुणाला दाखवू या का?” होडीवाल्यांच्या म्होरक्याने आज धीर करून दारातून विचारलं.

“हे इंजिन कुणी बांधलंय?”

“तुम्हीच.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं,” म्होरक्या म्हणाला. ही गोष्ट धक्क्यावर पाळण्यातल्या पोरालाही पाठ होती.

“मग दुसऱ्याला काय दाखवायचं? त्याला आधी ते समजावून सांगायला मलाच यावं लागेल.”

म्होरक्याने मान डोलावली आणि जाता जाता विचारलं, “घुम्या कसा आहे?”

“आहे तसाच,” मिस्त्री म्हणाला आणि पाना शोधायला खाली वाकला. पाना त्याच्या हातातच होता.

घुम्या म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ. लहानपणापासून तोंडातून शब्द काढायचा तर जणू उसना आणून परत करायचाय असा बेताने काढणारा, म्हणून थोरल्यानेच त्याचं हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. दोघांचं घर एक, चूल एक आणि ट्रॅक्टरही एक. मिस्त्रीने लग्न केलं नाही. घुम्याने केलं, त्याला एक मुलगी झाली, ती शिकून शहरात नोकरीला लागली. ट्रॅक्टरचं काम दोघांनी न बोलता वाटून घेतलं होतं. गिअर, क्लच, पिस्टन, मोठं मोठं सगळं थोरल्याकडे. घुम्याकडे फक्त डिस्ट्रिब्युटर, प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा.

तेवढ्या एका डब्याला मात्र तो कुणाला हात लावू देत नसे. खाऱ्या हवेत डिस्ट्रिब्युटर जपावा लागतो हे खरंच आहे. काळ्या टोपीत आतून ओल धरली की ठिणगी प्लगकडे जायचं सोडून भलतीकडेच पळते. म्हणून रोज संध्याकाळी घुम्या प्लगांवरून वायरी उपटायचा, टोपी काढायचा आणि ती वायरींसकट घरी न्यायचा. लोक घरी मासे न्यायचे, हा टोपी न्यायचा. पाच शेपट्यांचं ते जनावर रात्रभर चुलीजवळच्या फळीवर वाळत पडायचं आणि सकाळी तो ते कोरड्या फडक्याने पुसून परत बसवायचा. महिन्याकाठी पॉइंट उघडून त्यांवर आलेला काजळीचा ठिपका पॉलिश पेपरने घासायचा, मधली फट पातीने मोजायचा, रोटरखालच्या दांड्यात तेलाचा एक थेंब सोडायचा. एकच. दुसरा थेंब पॉइंटवर उडतो. थोरला कधी जवळ आला, तर घुम्या टोपी छातीशी धरून म्हणायचा, “दादा, डिस्ट्रिब्युटर माझा.”

“ठेव बाबा, ठेव. बस त्याच्यावर, धनावर नाग बसतो तसा,” मिस्त्री म्हणायचा आणि चार लोकांत हसायचा. “एवढं मोठं इंजिन मी बांधलं, ह्याला एक डबी दिलीय खेळायला.”

लोक हसायचे. घुम्याही हसायचा.

मग एका सकाळी टोपी हातात घेऊन निघालेला घुम्या उंबऱ्यातच कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. टोपी मात्र फुटली नाही. ती त्याने पडतानाही डाव्या हाताने वर धरली होती.

तेव्हापासून टोपी मिस्त्रीकडे आली. काही दिवस इंजिन चाललं. मग दमट हवा सुरू झाली, तडकलेल्या वायरींमधून ठिणग्या गळायला लागल्या, आणि मिस्त्रीने नव्या वायरी आणल्या. वायरी बदलायच्या तर एक काढायची, तिच्या जागी एक घालायची, मग दुसरीला हात लावायचा, हे कुणीही सांगेल. मिस्त्रीने स्वतः कितीतरी जणांना शिव्या घालून हे शिकवलं होतं. पण इथे त्याने सगळ्या वायरी एकदम उपटल्या. का नाही उपटणार? टोपीवर एक नंबरच्या प्लगची वायर खोचायचं घर कुठलं, याची खूण त्याने स्वतः कानशीने पाडलेली होती. ती ग्रीसच्या थराखाली गेली होती. घुम्या बाकी सगळी टोपी आरशासारखी ठेवायचा, तेवढीच एक जागा मळकट राहिली होती. “अरे घुम्या, हे कसं राहिलं रे,” असं पुटपुटत मिस्त्रीने ते ग्रीस नखाने खरवडलं. खूण लख्ख दिसली. त्या घरापासून सुरुवात करून त्याने वायरी ठिणगीच्या ठरलेल्या क्रमाने लावल्या: एक, तीन, चार, दोन.

आणि तेव्हापासून इंजिन सुरू झालं नव्हतं.

त्याने पॉइंट बदलले. कंडेन्सर बदलला. कॉइल दुसऱ्या गाडीवर लावून पाहिली, उत्तम होती. प्लग तर इतक्या वेळा काढले-घातले की त्यांचे आटे गुळगुळीत व्हायची वेळ आली. दर वेळी तेच, खोकला, धूर आणि उलटं हँडल. आता त्याला मनातून भीती वाटायला लागली होती. इंजिनाची नव्हे, स्वतःची. आपले हात गेले की काय, हे त्याला कुणाला विचारता येत नव्हतं. विचारावं असा एकच माणूस होता आणि तो आता विचारण्यापलीकडे गेला आहे, असं मिस्त्रीने ठरवून टाकलं होतं.

दुपारी तो घरी गेला. खोली लहान होती, खिडकी धक्क्याकडे उघडणारी. घुम्या खाटेवर उशांना टेकून बसवलेला होता. त्याची बायको, जिला मिस्त्री ‘धाकटे’ अशी हाक मारायचा, ती वाटीतून औषध देत होती. सगळं औषध तोंडात जात नव्हतं, ती ओघळलेलं पुसत होती आणि पुन्हा देत होती. तिची कंबर धरली होती. एका बाजूने जड झालेल्या माणसाला उचलून कूस बदलायची म्हणजे खायचं काम नाही.

मिस्त्री दाराशीच उभा राहिला. आत जायला त्याला नको वाटायचं. ज्या भावाला त्याने उभा जन्म चिडवलं, तो आता चिडवलं तरी हसत नाही, हे त्याला सोसत नव्हतं.

“झालं का सुरू?” धाकटीने विचारलं.

“नाही. एक-तीन-चार-दोन, सगळं जिथल्या तिथं आहे. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, आणि तरी साला उलटा लाथा मारतोय.”

घुम्याचा डावा हात हलला. त्याने औषधाच्या वाटीच्या काठावर बोट टेकवलं. मग काठावरच थोडं पुढे, मग आणखी पुढे, मग आणखी. चार ठिकाणी. मग पुन्हा पहिल्या जागी बोट ठेवलं आणि ते काठावरून सरकवत दुसऱ्या जागी नेलं. दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या. वाटी कलली आणि औषध चादरीवर सांडलं.

“बघा,” धाकटी म्हणाली. “हे असं करतात.”

“चाळा आहे तो, धाकटे. लहान मूल नाही का हातात येईल ते चिवडत.”

“चाळा असता तर मी एकटी असतानाही केला असता. तुम्ही आलात आणि इंजिनाचं बोललात की करतात. एरवी हात नुसता पडलेला असतो.”

“डॉक्टरनं विचारलं, किती बोटं आहेत. सांगितलं का त्यानं? डोळे मिटून घे म्हणाला. मिटले का?”

“भाऊजी, ह्यांना धडधाकट असताना कुणी विचारलं असतं किती बोटं आहेत, तरी हे उत्तर देते ना, तर मी नाव बदललं असतं.”

एरवी मिस्त्री यावर मोठ्याने हसला असता. आज तो भावाच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाला, “तो आता त्यात राहिलेला नाही, धाकटे. आपण उगाच आशा लावून बसलोय.”

हे तो भावासमोर बोलला. ज्याला ऐकू येतं आणि कळतं अशा माणसासमोर हे बोलायची त्याची छाती झाली नसती, म्हणून त्याला कळत नाही हेच मिस्त्रीला सोयीचं होतं. घुम्याचं बोट ओल्या चादरीवर तसंच राहिलं. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. वडिलांच्या खाटेशी थोडा वेळ बसली, त्यांचा हात हातात घेऊन नोकरीतलं काहीबाही सांगत राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन तिने डोळे पुसले आणि कामाचं बोलायला लागली. शहराबाहेर एक सेवाघर होतं. अशा माणसांना तिथे ठेवून घेतात, वेळेवर खायला घालतात, कूस बदलतात. जागा मिळाली होती. दुपारी गाडी येणार होती.

“अशा म्हणजे कशा माणसांना?” धाकटीने विचारलं.

मुलगी उगाच ताटली पुसायला लागली.

“ज्यांना कुणाची ओळख उरलेली नाही अशांना, असंच ना? त्या रांगेत नेऊन टाकायचं त्यांना? सगळं कळत असताना? भिंतीकडे बघत मरून जातील ते.”

“आई, मला हौस आहे का? तुझी पाठ बघ. उद्या तू पडलीस तर दोघांना कोण उचलणार? त्यांना थोडं जरी कळत असतं ना, तर मी नोकरी सोडून इथे येऊन बसले असते. व्यायाम करून घेतले असते, बोलायला शिकवलं असतं. पण डॉक्टर म्हणतात—” ती मिस्त्रीकडे वळली. “मोठे काका, तुम्ही सांगा. त्यांना जन्मापासून तुम्ही ओळखता. आईला माया आहे, मलाही आहे. तुम्ही स्पष्ट सांगाल. बाबांना कळतं का?”

घरात मोठा मिस्त्री. त्याने ‘कळतं’ म्हटलं असतं, तर गाडी आली तशी परत गेली असती. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“नाही कळत,” तो म्हणाला. “घेऊन जा.”

धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथून उठलाच. ‘ट्रॅक्टर बघतो’ असं काहीतरी बोलून तो उतार उतरून शेडमध्ये आला. गाडीत घालताना भावाचे पाय कोण धरणार, हा विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता. आपण नाही धरणार, एवढं त्याने ठरवलं होतं.

काम तर काहीच सुचत नव्हतं, पण रिकामे हात त्याला ठाऊक नव्हते. त्याने टोपीच्या दोन्ही क्लिपा काढल्या, प्लगांवरून वायरी उपटल्या, टोपी उलटी करून मांडीवर घेतली आणि फडक्याने आतून पुसायला लागला. मधे एक घर, कॉइलच्या वायरीचं. भोवती गोलात चार, प्लगांची. पुसता पुसता त्याचं बोट पहिल्या घरावर आलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग चौथ्या.

बोट तिथेच थांबलं.

टोपी वाटीएवढीच होती. काठावर चार जागा. आणि मग पहिल्या जागेवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या.

त्याने टोपी बाकावर ठेवली आणि जे इतक्या दिवसांत केलं नव्हतं ते केलं. खरं तर ते पहिल्याच दिवशी करायचं असतं. दुसऱ्या कुणाचं इंजिन असतं, तर त्याने डोळे झाकून तिथूनच सुरुवात केली असती. पण हे त्याने स्वतः बांधलेलं होतं, आणि स्वतःचं काम कोण तपासतं? त्याने एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि दुसऱ्या हाताने हँडल हळूहळू फिरवलं. आतून हवा दाबत आली आणि अंगठा उडाला. म्हणजे पिस्टन वर आला, आता ठिणगी इथेच पडायला हवी. त्याने इंजिनाच्या चाकावरची खूण जुळवली. मग कडेला येऊन डिस्ट्रिब्युटरमध्ये वाकून पाहिलं. टोपीखाली फिरून घराघरात ठिणगी पोचवणाऱ्या रोटरचं टोक एक नंबरच्या घराकडे असायला हवं होतं, त्याने कानशीने पाडलेल्या खुणेसमोर.

ते शेजारच्या घराकडे होतं.

त्याने पुन्हा हँडल फिरवून पाहिलं. पुन्हा शेजारच्याच. यात नवीन बिघाड काही नव्हता. रोटर फिरवणारा खालचा गिअर इंजिन बांधतानाच पाव वळसा चुकीचा बसला होता, आणि तो मिस्त्रीशिवाय दुसऱ्या कुणी बसवलेला नव्हता. त्यानंतर तो कधी निघालाच नव्हता.

मिस्त्री मडगार्डचा आधार घेऊन खाली बसला. तो दिवस त्याला आठवला. इंजिन बांधून झालं होतं, सगळा धक्का बघायला जमला होता आणि हँडल मारून मारून त्याचे खांदे गेले तरी ते पेटत नव्हतं. कुणीतरी मागे फिदीफिदी हसलं होतं. त्याने पाना आपटला आणि तोंड धुवायला पाण्यावर गेला. तो परत आला तेव्हा घुम्या इंजिनाजवळ उभा होता. “दादा, प्लग ओले झाले होते. पुसले. आता मार,” तो म्हणाला. मिस्त्रीने हँडल मारलं आणि इंजिन पहिल्या फटक्याला लागलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मिस्त्रीला खांद्यावर घेतलं. त्यानंतर तो दर वेळी सांगायचा, मी बांधलं, ह्याने नुसते प्लग पुसले.

प्लग ओले नव्हतेच. घुम्याने चार वायरी एकेक घर पुढे सरकवल्या होत्या. बस, एवढंच. गिअर चुकला तर चुकला, वायरी तेवढ्याच सरकवल्या की हिशेब बरोबर. पण टोपीवर तर दादाची खूण होती, आणि एक नंबरची वायर त्या खुणेवर नव्हती. कुणीही जरा निरखून पाहिलं असतं, तर दादाची चूक दिसली असती. दादालाही दिसली असती. म्हणून त्या खुणेवर ग्रीस. म्हणून टोपी रोज घरी. म्हणून कुणाला हात लावू द्यायचा नाही, आणि ‘डिस्ट्रिब्युटर माझा.’ आणि चार लोकांत थोरल्याने खेळण्यातली डबी म्हटलं की आपणही हसायचं. अख्खा जन्म या कानाचं त्या कानाला कळू न देता त्याने ते एकट्याने सांभाळलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा खाटेवर पडून बोटाने सांगत होता आणि मिस्त्री नवे पॉइंट आणायला बाजारात जात होता.

त्याने प्लग लावला. टोपी बसवली, वायरी प्लगांवर परत चढवल्या. टोपीवरची एक नंबरची वायर काढून शेजारच्या घरात घातली, मग तीन नंबरची, मग चारची, मग दोनची. हँडलला हात घातला आणि एकदाच ओढलं. इंजिन लागलं. आधी अडखळत, मग नेहमीच्या जुन्या आवाजात. पत्रे थडथडायला लागले आणि खाली धक्क्यावर कुणीतरी आनंदाने ओरडलं. मिस्त्रीने ते ऐकलं नाही. इंजिन तसंच चालू ठेवून तो चढावरून घराकडे निघाला, आणि वर्षानुवर्षं जो धावला नव्हता तो धावायला लागला.

दारात गाडी उभी होती. गाडीवाला मागची फळी खाली करत होता. मुलगी हातात कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती.

“काका, बरं झालं आलात. जरा पायाकडून—”

तो तिला ओलांडून आत गेला. खिडकी उघडी होती आणि धक्क्यावरच्या इंजिनाचा आवाज सगळ्या खोलीत भरला होता. घुम्याचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं, खिडकीकडे होतं. डावा हात चादरीवर स्वस्थ पडला होता. मिस्त्री खाटेवर टेकला. त्याला धाप लागली होती.

“बोलता येत होतं तेव्हा बोलला नाहीस,” तो म्हणाला, “आणि वाचा गेल्यावर सांगायला लागलास? उलट्या खोपडीच्या!”

घुम्याने नजर त्याच्याकडे वळवली.

“वायरी सरकवल्या मी. एकेक घर. लागलं पहिल्या फटक्याला.” मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला. “मी सगळ्यांना सांगत सुटलो, एकट्यानं बांधलं. तुझ्यासमोर सांगत होतो. आणि काल इथंच उभा राहून बोललो की तू— ऐकलंस ना ते? ऐकलंस.”

दारात धाकटी आणि मुलगी येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रीने भावाचा हात दोन्ही हातांत घेतला. किती बोटं आहेत, हे त्याला विचारायचं नव्हतं. मी कोण, हेही नाही.

“घुम्या, मला एक सांग. तो गिअर मी चुकीचा बसवला होता. चूक माझी होती. होती ना?”

घुम्या त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मानेची शीर ताठ झाली. मग त्याने उशीवर डोकं डावीकडे वळवलं. कष्टाने परत आणलं, आणि उजवीकडे वळवलं.

नाही.

आजारी पडल्यापासून त्याने कुणाला दिलेलं ते पहिलं उत्तर होतं. मुलीच्या हातातली पिशवी खाली पडली.

“बाबांनी मान हलवली,” ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा पुन्हा उतरला. “पण काका, ते तर नाही म्हणाले. तुम्ही म्हणताय चूक झाली होती. मग त्यांना कळलं कुठे?”

“अगं, खोटं बोलतोय तो!” मिस्त्री म्हणाला. तो रडत होता आणि हसतही होता. “धडधडीत खोटं बोलतोय माझ्या तोंडावर. अजून मला झाकतोय.”

त्याने भावाच्या छातीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. घुम्याचा डावा हात चाचपडत आला आणि त्याच्या पांढऱ्या केसांवर थांबला.

धाकटीने ‘मी सांगत होते’ असं म्हटलं नाही. तिने पडलेली पिशवी उचलून मुलीच्या हातात दिली, कपडे परत कपाटात लाव म्हणाली आणि पदराने तोंड पुसत गाडीवाल्याला परत पाठवायला बाहेर गेली.